तुझं नाव कोण पुकारणार?

पुणे, रविवार

प्रिय सॅक्सवाल्या,

परवा रात्री तू फोन ठेवलास आणि मी ओट्याशी तसाच उभा राहिलो. दूध उतू गेलं. बायकोला म्हटलं, आमचा सॅक्सवाला स्वतःच्या नावाने रेकॉर्डिंग करतोय. ती म्हणाली, त्यात दूध उतू घालवण्यासारखं काय आहे? आता तिला काय सांगू! बावीस वर्षं आपण गायकाच्या मागे बसलो. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला आठ बारचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या आठ घरांचा, पीस, तेवढीच आपली इस्टेट.

"माझ्या नावावर कोण ऐकणार रे?" असं तू विचारलंस. फोनवर मला काही सुचलं नाही. मग रात्रभर तो अमेरिकन सॅक्सवाला मेसिओ पार्कर ऐकत बसलो. त्याची कॅसेट मला तूच दिली होतीस, आठवतंय? परत मागितली नाहीस, म्हणून अजून माझ्याकडेच आहे.

त्याचीही सुरुवात उपऱ्यासारखीच झाली बघ. 1964 साली जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाला हवा होता ड्रमर, म्हणजे मेसिओचा धाकटा भाऊ मेल्विन. नॉर्थ कॅरोलिनातल्या किन्स्टन गावची ही पोरं. मेल्विन येताना थोरल्यालाही घेऊन आला आणि ब्राउनने त्याला बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुराच्या सॅक्सवर बसवलं. म्हणजे धाकट्याच्या वशिल्याने लागलेली नोकरी! शिस्त अशी की सूर चुकला तर दंड आणि बूट चमकले नाहीत तरी दंड. पण गाता गाता ब्राउन मध्येच ओरडायचा, "मेसिओ!" आणि सॅक्स सुटायचा. ब्राउनचं 1967 चं गाणं 'कोल्ड स्वेट' काढून ऐक. त्या हाकेमुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं, पण फक्त पहिलं नाव. आपल्याकडे तेवढंही नशीब नव्हतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले, पण लोकांना संगीतकार आणि गायक सोडून कोण आठवतं?

बरं, वाजवायला मिळायचं ते काय? 'कोल्ड स्वेट'मध्ये बराच वेळ कॉर्ड, म्हणजे खालचा एकत्र वाजणारा सुरांचा जुडगा, हलतच नाही. त्याच बँडमधल्या सॅक्सवाल्या पी वी एलिसने ती फुंकवाद्यांची ओळ जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वरून उचलली आणि खाली ठेवला तो फंकचा, म्हणजे नाचायला लावणाऱ्या संगीताचा, ठेका. सगळा भर पहिल्या मात्रेवर. ते तिला 'द वन' म्हणतात. आपण तिला सम म्हणतो, पण आपली सम आवर्तन फिरून येते. यांची दर बारला हजर! तिथे लांब ताना घ्यायला जागाच नाही. मग मेसिओने काय केलं, तर सॅक्सचा तबला केला. आखूड, टोकदार सूर, मध्ये श्वास, पुन्हा दोन सूर. तुझ्या पीसमध्ये मला नेहमी तेच ऐकू यायचं. तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच चढून बसतोस.

1970 मध्ये बँडच्या बहुतेकांनी ब्राउनला रामराम ठोकला. मेसिओने 'ऑल द किंग्ज मेन' नावाचा स्वतःचा बँड काढला, रेकॉर्ड केली, पण ती चालली नाही. मी ती ऐकलीय. वाजवलंय झकास, पण मला सारखं वाटत राहतं की घरातला कर्ता माणूस बाहेर गेलाय आणि बाकीचे त्याच्या चपलांकडे बघत बसलेत. 1973 मध्ये तो परत ब्राउनकडे गेला. पुढे दुसऱ्या फंकवाल्याकडे, जॉर्ज क्लिंटनकडे. पुन्हा साथच.

खरी रेकॉर्ड आली 1990 साली, 'रूट्स रिव्हिझिटेड'. तेव्हा गडी सत्तेचाळीस वर्षांचा होता. तू अजून पंचेचाळीसचा आहेस, उगाच म्हातारपणाच्या गप्पा नकोत. ब्राउन त्या वेळी तुरुंगात होता आणि रेकॉर्ड काढली एका छोट्या जर्मन कंपनीने. त्यात रे चार्ल्सचं गाणं आहे, मिंगसची जॅझची चीज आहे, चर्चमध्ये शोभेल असं कर्टिस मेफिल्डचं गाणं आहे. आणि शेजारी कोण, तर ब्राउनकडचे जुनेच सोबती, ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्ली आणि पी वी एलिस. सुटून निघाला तोही सोबत्यांना घेऊनच.

त्याची 1992 ची, जर्मनीतल्या कोलोनची लाइव्ह रेकॉर्ड मात्र दिवे घालवून ऐक. आधी रॉडनी जोन्सची गिटार खरखरत येते, मग बाकीचे एकेक करून आत शिरतात. पहिलाच पीस सोळा मिनिटांच्या वर. दोन टक्के जॅझ, अठ्ठ्याण्णव टक्के फंक, असा हिशोब मेसिओ स्वतःच सांगतो. त्या मूळ बँडमध्ये बासवालाच (खालचे सूर वाजवणारा गिटारवाला) नाही, तुझ्या लक्षात आलंय का? खालचं बहुतेक सगळं लॅरी गोल्डिंग्ज ऑर्गनवर सांभाळतो. मला हे कळायला दहा वर्षं लागली, आणि मी स्वतःला पेटीवाला म्हणवतो! आणि मेसिओ? आपलं झालं की बाजूला. फ्रेड वाजवतो, पी वी वाजवतो, हा त्यांची नावं पुकारतो.

म्हणून तुझ्या यादीबद्दल स्पष्ट सांगतो. आठ गाणी, आठही जुनी, सगळी मायनस-वन ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच. हे लग्नाच्या रिसेप्शनला ठीक आहे. तुझा सूर गर्दीत खुलतो, कुणीतरी खालून ढकललं की उसळतो. ट्रॅक ढकलत नाही रे, तो नुसता चालत राहतो. पाचच पीस घे, त्यातले दोन तुझे स्वतःचे. तो गणपतीत बसल्या बसल्या केलेला सात मात्रांचा तुकडा कुठे गेला? आणि माणसं घे, चुकणारी, घाम गाळणारी. आपला जुना ड्रमर आता शाळेत शिकवतो, शनिवारी मोकळा असतो. मी त्याला विचारलंय. तुला न विचारता विचारलं, रागव हवं तर.

पैशाचं नंतर बघू. स्टुडिओची तारीख तेवढी कळव. बासवाला मिळत नसेल तर माझा डावा हात मोकळाच आहे.

तुझा,
पेटीवाला