प्रवासातले विणकाम सोपेच हवे

संपादक महोदय,

थंडीची चाहूल लागली की लोकलच्या महिला डब्यात आणि घरगुती बैठकींत लोकरीचे गुंडे पुन्हा दिसू लागतात. अशा वेळी हाती कोणते काम घ्यावे, याविषयी नवशिक्यांसाठी थोडे लिहावेसे वाटते. जाळीची नक्षी किंवा दोन रंगांचे स्वेटर घरच्या निवांत वेळेसाठी राखून ठेवावेत. कारण त्यांत ओळीगणिक टाके मोजावे लागतात आणि मध्येच कोणी बोलायला लागले की हिशेब हमखास चुकतो. सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या असलेला मफलर मात्र कोठेही थांबवता येतो, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीच्या कडा जशा गुंडाळल्या जातात, तशा त्याच्या गुंडाळल्या जात नाहीत.

सुयांचाही विचार हवा. लांब सरळ सुया शेजारणीच्या कोपराला लागतात. त्यापेक्षा दोन आखूड सुया लवचीक तारेने जोडलेली गोल सुई बरी, कारण तिच्यावर सपाट वीणही घालता येते आणि एक सुई बाकाखाली घरंगळण्याची भीती राहत नाही. चार सुयांवरचे मोजे तर गर्दीत पिशवीबाहेर काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काळी लोकरही टाळावी. अपुऱ्या उजेडात तिचा सुटलेला टाका सापडत नाही. स्थानक जवळ आले की ओळ पुरी करून टाके मधल्या तारेवर सरकवावेत, म्हणजे उतरण्याच्या धक्काबुक्कीत ते निसटत नाहीत.

— एक वाचक, ठाणे