रुसलेले किती, ऊसतोडीला गेलेले किती

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा रात्री तू फोन केलास, "मम्मी, हार्वेस्टला अर्धी मंडळी उठून गेली" एवढं बोललास आणि मग गप्प झालास. मी हॅलो हॅलो करत राहिले, वाटलं रेंज गेली, पण मागे कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं म्हणजे फोन चालूच होता, तूच बोलत नव्हतास. नंतर म्हणालास झोप येतेय. तुला कधी झोप येते ते मला माहिती आहे रे. म्हणून लिहायला बसले, फोनवर मला नीट सांगता येत नाही, मी रडते आणि तू चिडतोस.

ताईने मला बाकीचं सांगितलं. उपासना झाली, अर्पणात आलेल्या पिकाचा लिलाव सुरू झाला, पपया, ज्वारीची कणसं, मिरच्यांची पोती, कोंबड्या सगळं मांडलेलं होतं, आणि तेवढ्यात सेक्रेटरी काका त्या उमेदवाराला घेऊन आले, शाल घातली आणि तुला न विचारता माईक त्याच्या हातात दिला. तो बोलायला लागल्यावर ट्रॅक्टरवाले काका उठले, त्यांच्यामागे त्यांची भाऊबंदकी उठली, बायका लेकरांना घेऊन उठल्या, आणि त्यानंतर प्रभुभोजन ठेवलेलं होतं तेही तसंच राहिलं. पुढच्या रविवारी मागची सतरंजी रिकामी. बरोबर ना?

आता मी काय सांगते ते राग न धरता ऐक. चूक सेक्रेटरी काकांची आहे, पण पाळक तू आहेस, माईक तुझ्या मंडळीचा होता. तू जागचा हलला नाहीस. मी 30 वर्षं झेडपीच्या शाळेत काढली, किती निवडणुकांची ड्युटी केली तुला माहितीये, पेट्या होत्या तेव्हापासून मशीन आलं तोपर्यंत, आणि प्रत्येक ट्रेनिंगला आम्हाला सांगायचे की धर्माच्या नावावर मत मागणं हा 1951च्या कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे. त्याशिवाय 1988चा वेगळा कायदा आहे, देऊळ असो मशीद असो चर्च असो, धार्मिक जागा राजकीय कामाला वापरायला देता येत नाही, आणि त्यात जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. म्हणजे तुझ्यावर. पंच कमिटीत हे शांतपणे वाचून दाखव, कोणाचं नाव न घेता, आणि ठराव कर की कोणत्याही पक्षाचा माणूस आला तर चहा बाहेर मांडवात, माईक नाही. आपल्याला पटणारा पक्ष असला तरी नाही.

झालं, मी लेक्चर द्यायला लागले. सॉरी बाळा. शिक्षिकेची सवय जात नाही.

मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. तू ट्रॅक्टरवाल्या काकांच्या घरी गेलास का?

तू शहाद्याच्या त्या गावात पहिल्यांदा सामान घेऊन आलास तेव्हा तुझ्या घराचं मागचं न्हाणीघर पडलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता विटांनी भरलेली ट्रॉली दारात आणून उभी केली ती कोणी? मी होते तिथे, मी त्यांना पाणी दिलं. माणूस बोलायला तापट आहे, मान्य. पण त्यांचा वनपट्ट्याचा दावा किती वर्षं पडलाय हेही बघ. 2006चा वनहक्काचा कायदा झाला, दावे भरले, मोजणी झाली, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि जो पुढारी त्यांना तहसीलला सोबत घेऊन जातो त्याच्या बाजूने ते उभे राहतात, यात आश्चर्य काय? त्यांना पाप करताय असं म्हणता येणार नाही. राजकारण म्हणजे जगिक गोष्ट, विश्वासणाऱ्याने लांब राहावं, असं तुझ्या सेमिनरीत शिकवलं असेल, मला माहीत नाही. पण आपल्या लोकांची जमीन, दाखला, रेशन सगळं त्याच्यातूनच येतं.

आणि मंडळीतल्या तरुण संघाच्या पोरांनाही वेड्यात काढू नकोस. डीलिस्टिंगचं, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना एसटीच्या यादीतून काढा या मागणीचं ऐकून ती घाबरलेली आहेत. 2023च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं तेव्हा तू प्रार्थना ठेवली होतीस आणि तेव्हाच कोणीतरी म्हणालं होतं की हे राजकारण चर्चमध्ये नको, आणि पोरं त्यावर उसळली होती, तेव्हापासून ती धुसफूस आहे. ती आता उमेदवाराच्या मागे धावतात ती त्या भीतीने धावतात. त्यांना एकदा बसवून नीट सांग की जातींच्या यादीचा 1950चा आदेश आहे त्यात धर्माची अट आहे ती एससीला आहे, पुढे 1956ला शीख आणि 1990ला बौद्ध त्यात घेतले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत, हे दलित ख्रिस्ती भावांचं दुखणं खरं आहे. पण एसटीला धर्माची अट नाही. भिल्ल, पावरा, मावची मुलगा चर्चला गेला म्हणून आज त्याचा दाखला जात नाही. काही लोक तशी अट आणा म्हणून मागणी करतायत, ती मागणी आहे, कायदा झालेला नाही. एवढा फरक समजला तरी पोरांचा आवाज खाली येतो, मी वर्गात बघितलंय, मुलाला नेमकी गोष्ट कळली की तो ओरडायचा थांबतो.

पण हे सगळं नंतर. आधी काकांकडे जा.

तुला पोल्ट्रीवाले काका आठवतात का? नवापूरचे. तू दहा वर्षांचा होतास, फेब्रुवारी 2006, बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा आपल्याच नवापुरात, पांढरे सूट घातलेली माणसं आली आणि शेडच्या शेड रिकाम्या केल्या, खड्डे खणून कोंबड्या पुरल्या. तू तेव्हा विचारलं होतंस की त्या कोंबड्यांना स्वर्ग असतो का, आणि पप्पांनी तुला मांडीवर घेतलं आणि उत्तरच दिलं नाही. काकांच्या दोन्ही शेड गेल्या. ते शेडच्या दारात बसून राहायचे, घरात येत नव्हते, काकू घाबरली होती. पप्पा रोज रात्री जायचे त्यांच्याकडे. बोलायचे नाहीत फार, नुसते शेजारी बसायचे, मी डब्यात भाकरी आणि ठेचा द्यायचे दोघांचा. असे किती दिवस गेले. त्या वर्षी हार्वेस्टला अर्पणात एकही कोंबडी नव्हती, आणि काकांनी स्वतःच्या परसातला एक भोपळा आणला आणि लिलावात सगळ्या मंडळीने तो एकमेकांवर बोली लावत इतका वर नेला की शेवटी काका उभे राहून रडायला लागले. ते पैसे कोणी मागितले नाहीत, ज्याने भोपळा घेतला त्याने तो परत काकूंच्याच हातात दिला. तुला आठवतंय ना? तुझ्याच शर्टावर भोपळ्याची माती लागली होती.

असा माणूस होता तो. आणि तीन वर्षांनी विधानसभेला काय झालं, ते तुला कोणी नीट सांगितलं नाही.

काका एका बाजूने प्रचार करत होते आणि त्यांना वाटायचं पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलावे. पप्पा नाही म्हणाले, ते बरोबरच होतं. पण पप्पांनी पुढच्या रविवारी संदेश दिला करिंथच्या मंडळीवर, कोणी म्हणे मी पौलाचा कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा, आणि बोलता बोलता एक वाक्य असं गेलं की सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजच पडली नाही. काका उठले, चप्पल घातली, गेले. त्यांच्यासोबत बावीस घरं गेली आणि एका ओसरीत वेगळी प्रार्थना सुरू झाली.

पप्पा म्हणाले, "मी चुकीचं काय बोललो? ते येतील." मी म्हटलं तुम्ही जा. म्हणाले पाहू. आठवडा गेला, महिना गेला, नाताळ गेला. मग इतके दिवस झाले की आता कसं जायचं असं झालं. तुला आठवत असेल पप्पा नंतर नंतर किती गप्प असायचे, तुला वाटायचं शुगरमुळे. शुगर होतीच. पण मला माहिती आहे ना काय होतं ते, रात्री अंगणात खुर्ची टाकून बसायचे त्याच रस्त्याकडे तोंड करून. उपासना चुकवली नाही, बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, सगळं केलं. फक्त तेवढं एक घर राहिलं. बारा वर्षं.

एप्रिल 2021मध्ये पप्पा गेले तेव्हा तू पुण्याहून निघू शकला नाहीस, पास मिळाला नाही, त्याबद्दल तू अजून स्वतःला खातोस ते मला कळतं. कब्रस्तानात आम्ही मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आणि कंपाउंडच्या बाहेर, भिंतीपलीकडे, एक म्हातारा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. आत आला नाही. मास्क होता तरी मी ओळखलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली, बाळा. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. मला वाटलं आता आलात. पुढच्या वर्षी तेही गेले.

म्हणून तू फोनवर गप्प झालास ना, तेव्हा मला तुझा आवाज नाही, पप्पांची खुर्ची दिसली.

मला तुझा अभिमान आहे हे मी कधी सांगत नाही. मंडळीत तू पावरी बोलीत प्रार्थना म्हणतोस, म्हाताऱ्या बाया डोळे पुसतात ते मी बघितलंय. 2024च्या जूनमध्ये मी तुझ्याकडे होते, 2 तारखेचा रविवार, प्रभुभोजन होतं, 13 मेला मतदान झालेलं आणि 4 जूनला निकाल लागायचा होता. तू भाकर देत होतास आणि मी पहिल्या रांगेत बसून लोकांचे हात बघत होते, सवयच ती, इतकी वर्षं बोटाला शाई लावली. सगळ्यांच्या डाव्या बोटाच्या नखावर अजून शाई होती. सेक्रेटरी काकांच्या, ट्रॅक्टरवाल्या काकांच्या, त्या पोरांच्या. कोणी कुठलं बटण दाबलं ते त्या नखावरून कळत नव्हतं, आणि दोन्ही काका शेजारी शेजारी गुडघ्यावर होते. फार दिवस नाही झाले त्याला.

पगाराचं ताईने सांगितलं, खजिनदार सेक्रेटरी काकांच्या बाजूचा म्हणून दोन महिने थकलाय. मी पाच हजार टाकलेत, परत पाठवू नकोस. जेवण वेळेवर कर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, रात्री तर अजिबात नाही, तिथे लिहिलेलं राहतं आणि घराघरात मोठ्याने वाचून दाखवतात.

आणि एक, मागची सतरंजी रिकामी म्हणालास, पण मला सांग, दिवाळी होऊन किती दिवस झाले? त्या वस्तीतली निम्मी घरं दरवर्षी बारडोलीकडे ऊसतोडीला जातात ना, होळीलाच परत येतात. मग रुसलेले किती आणि ऊसतोडीला गेलेले किती, मोजलंस का? रजिस्टर घे, एक एक घर लिहून काढ. कुलूप आहे त्यांच्यासाठी प्रार्थना, कुलूप नाही तिथे जायचं. मला वाटतं तुझी ती अर्धी मंडळी मोजलीस तर सात-आठच घरं निघतील. सात-आठ घरं म्हणजे दोन संध्याकाळी.

येत्या रविवारी करिंथवर बोलू नकोस. हात जोडते. कितीही बरोबर असलं तरी नको, सगळे त्या सतरंजीकडेच बघतील. पेरणीवर बोल, आजाऱ्यांवर बोल, काहीही.

काकांकडे जाताना बायबल काखेत घेऊन जाऊ नकोस, ते पाळकसाहेब आले म्हणून ताठ होतील. मागच्या दाराने जा, काकूला आधी हाक मार, चहा दे म्हण. न्हाणीघराच्या विटांची आठवण काढ. माईकचं स्वतःहून काढ आणि सांग की मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. एवढंच. त्यांनी पक्षाचं काढलं तर ऐकून घे. माझी आई म्हणायची, "पोऱ्या, आपलं शे ते आपलंच शे", आणि रागाने ताट ढकललेल्या भावाला तीच पुन्हा वाढायची.

परत तेच सांगतेय ना मी. दहा वेळा झालं. तुला काय करायचं ते तुला कळतं, तू पाळक आहेस, मी नाही. पण लिहिलं नसतं तर मला झोप लागली नसती.

गुरुवारी ताईच्या नवऱ्यासोबत मिरचीचं लोणचं आणि कळण्याचं पीठ पाठवते. त्यातलं अर्धं काकूला दे, मी दिलंय म्हण, मग तुला जायला कारणही होईल.

जाऊन आलास की फोन कर. रात्रीचे बारा वाजले तरी कर. दार उघडलं नाही तरी कर.

तुझी,
मम्मी