ते जहाज माझ्या ओळखीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महिनाभरापूर्वी एक चौकट आली होती. जुन्या चित्रफिती आता मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात, एवढाच तिचा मजकूर. चौकट बोटभर होती, पण तिने माझी सात-आठ रात्रींची झोप घेतली, म्हणून हे पत्र.

मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी, वय 76. त्याआधी पंधरा वर्षे नेव्हीत स्टोकर, म्हणजे जहाजाचा बॉयलर सांभाळणारा खलाशी होतो. 1966 साली मॅट्रिक झालो आणि भरतीला उभा राहिलो. साहेबांनी विचारले, पोहता येते का? म्हटले, विहिरीत येते. तोवर समुद्र पाहिला नव्हता, पूर्णेचा पूर तेवढा पाहिला होता. वाफ मात्र ओळखीची होती. बनोस्याच्या स्टेशनावर शकुंतला थांबली की आम्ही पोट्टे फायरमनच्या फावड्याकडे बघत उभे राहायचो. 1921 साली मँचेस्टरला बनलेले ते इंजिन 1994 पर्यंत ती गाडी ओढत होते. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या ट्रेनिंग सेंटरात पहिल्यांदा बॉयलर दाखवला, तेव्हा वाटले, ही तर आपली शकुंतला, फक्त चाके काढलेली.

चौकट वाचून नातवाने ब्रिटिश पाथेच्या फिती लावून दिल्या. या जुन्या वार्तापट कंपनीने आपल्या साठ्यातल्या 85,000 फिती 2014 साली यूट्यूबवर मोकळ्या केल्या. त्यांत ब्रिटिश नेव्हीच्या पुष्कळ आहेत. पहाटे अनवाणी पायांनी डेक घासणारे खलाशी (मी गाडगेबाबांच्या मुलखातला; सकाळी उठून हाती खराटा घेणाऱ्याविषयी मला आदरच वाटतो), बटाटे सोलणारे, दोन हुकांना हॅमॉक टांगून त्यात झोपणारे. हॅमॉक म्हणजे आपल्याकडे शेतात बाभळीला बांधतात ती लेकराची झोळीच, फक्त सहा फुटी माणसाची. एका फितीत रमचे वाटप आहे. ब्रिटिश नेव्हीत रोज दुपारी खलाशाला रमचे माप मिळे. ही प्रथा 31 जुलै 1970 ला बंद झाली, तेव्हा काहींनी दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या होत्या. आमच्या घरी पंढरीची माळ आहे. सौ.ने तेवढ्यापुरता मोबाइल पालथा ठेवायला लावला.

मग इंग्लंडातल्या शॉटलीच्या एचएमएस गँजेसची फीत लागली. हे पोरसवदा खलाशांचे ट्रेनिंग सेंटर. तिथे 143 फूट उंच डोलकाठी होती. पोरे दोरजाळ्यांवरून वर चढत आणि सगळ्यात वर, ताटलीएवढ्या गोल लाकडावर, एक पोरगा ताठ उभा राही. नातू म्हणाला, गँजेस म्हणजे गंगा ना? होय. हे नाव ज्या जुन्या शिडाच्या जहाजावरून पडले, ते 1821 साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले. आम्ही मेळघाटच्या खालचे लोक, सागवान म्हटले की कान टवकारतात.

पण पत्र लिहायला बसवले ते दुसऱ्याच फितीने. न्यूझीलंडचे ऑकलंड, 23 फेब्रुवारी 1940. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, मधून खलाशी चालले आहेत. आणि धक्क्याला एक क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका. रुंद, एकुलते एक धुराडे, पुढे-मागे सहा इंची तोफा. मी नातवाला म्हटले, थांब, मागे घे. ती ॲकिलीस होती. इंग्लंडात बर्कनहेडला बांधलेले हे जहाज 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाशी जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेशी लढले. त्यात तिचे चार खलाशी मेले. पुढे 5 जुलै 1948 ला ते आपल्या नेव्हीत आले आणि त्याचे नाव झाले दिल्ली. 1950 साली नेहरूंना इंडोनेशियाला घेऊन गेले ते हेच, आणि गोवा मुक्तीच्या वेळी दीवसमोर उभे होते तेही हेच. 1956 साली प्लेटच्या लढाईवर इंग्रजांनी सिनेमा काढला, तेव्हा ॲकिलीसचे काम करायला आपली आयएनएस दिल्लीच गेली होती. म्हातारपणी स्वतःचेच तरुणपण वठवायचे भाग्य माणसांनाही सहसा मिळत नाही.

त्या जहाजावर मी अडीच वर्षे होतो. ऑकलंडची ती गर्दी जे लोखंड बघायला जमली होती, ते मी घासलेले आहे. त्याचा गंज माझ्या नखांत होता. नातवाला हे सांगितले तर तो आधी हसला, मग गप्प झाला.

आता तक्रार, की सूचना, ते तुम्ही ठरवा. इतक्या रात्री जागून मी जेवढ्या फिती पाहिल्या, त्यांत डेकवरचे काम भरपूर आहे आणि डेकखालचे फार थोडे. कारण उघड आहे. त्या काळच्या फिल्मला उजेड फार लागे. वर ऊन होते. खाली उतरायचे तर दिवे, वायरी आणि ते ठेवायला जागा हवी. बॉयलर रूममध्ये स्टोकरलाच कोपर हलवायला जागा नसे. शिवाय आमच्या बॉयलर रूममध्ये पंख्यांनी हवा दाबून भरलेली असे, म्हणून आत जायला एकामागे एक दोन दारे. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. मधल्या खणात कान बसत. एकाच वेळी दोन्ही दारे उघडली तर दाब सुटून आग भट्टीतून बाहेर येई. अशा जागी कॅमेऱ्याचा तिपाया घेऊन कोण येणार?

तरी एका फितीत कॅमेरा खाली उतरलेला दिसला. जहाजाचे नाव सांगितलेले नाही. मिनिटभराचा तुकडा, आवाज नाही. एक तरुण स्टोकर व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभा आहे. कोणीतरी हस म्हटले असावे, म्हणून हसतो आहे. चेहरा स्वच्छ, म्हणजे पुसून आणलेला. हातात कॉटन वेस्ट. (आम्ही कापूसवाले, सूतगिरणीतून निघालेले ते टाकाऊ सूत तेलात भिजून माझ्या हाती आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला घरची आठवण आली होती.) तुकडा मी दहा वेळा पाहिला. तो हसतो तेव्हा त्याचे डोळे क्षणभर वर डावीकडे जातात आणि परत येतात. पुन्हा जातात. कोणाला वाटेल, बुजला आहे. तो बुजलेला नाही. तिथे गेज ग्लास आहे. बॉयलरमधले पाणी किती, हे त्या काचेच्या नळीत दिसते. पाणी खाली गेले आणि लक्ष नसले, तर नळ्या जळतात आणि मग माणसे. साहेब हस म्हणोत की रड, स्टोकरची नजर तिथून हटत नाही. मी नेव्ही सोडून चव्वेचाळीस वर्षे झाली, आजही घरात कुकर लावला की माझे डोळे शिट्टीकडे असतात.

ही गोष्ट त्या फितीखाली कुठे लिहिलेली नाही. तारीख आहे, बंदराचे नाव आहे, ॲडमिरलचे नाव तर असतेच. तो पोरगा कुठे बघतो आहे ते मात्र ज्याने ते काम केले त्यालाच कळणार. आणि असे आम्ही आता किती उरलो?

आपले हिंदुस्थानी खलाशी तर या फितींत मला अगदीच थोडे दिसले. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत हजारो होते, रत्नागिरीकडचे कितीतरी. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत तलवार या सिग्नल शाळेतल्या खलाशांनी निकृष्ट जेवणावरून काम थांबवले आणि ते लोण 78 जहाजांपर्यंत गेले. आमच्या वेळचे एक कोकणातले चीफ त्या दिवसांत मुंबईतच होते. डाळीतले खडे ते दोन बोटांनी असे वेचून दाखवत, की ताटात खरेच खडे दिसत. ते गेले. त्यांची ती दोन बोटे कोणी चित्रित केली नाहीत.

मागच्या शनिवारी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मोठ्या टीव्हीवर यातल्या तीन फिती लावल्या. बोलणाऱ्या फितींतले इंग्रजी पोरांना समजत नाही. खरे सांगायचे तर मलाही अर्धेच समजते. तो निवेदक प्रत्येक गोष्ट लग्नाची पत्रिका वाचल्यासारखी आनंदात सांगतो. म्हणून आवाज बंद केला आणि मीच बोललो. रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी, कशी असते. मे महिन्यातल्या अकोल्याची सवय असलेला माणूससुद्धा पहिल्या दिवशी तिथे कसा शिडीला धरून बसतो. बॉयलर थंड झाल्यावर त्याच्या ड्रममध्ये सरपटत शिरून तारेच्या ब्रशने कसे घासायचे. पाऊण तासात एकही पोट्टे उठले नाही.

शेवटी पाचवीतल्या एकाने विचारले, "आबाजी, थ्या जहाजात प्याचं पानी कोठून येये?"

सांगितले, समुद्राचे. वाफेने खारे पाणी तापवायचे, त्याची वाफ वेगळी धरून थंड करायची, मीठ मागे राहते. त्या यंत्राला इव्हॅपोरेटर म्हणतात. ते गोड पाणी आधी बॉयलरला, उरले तर माणसाला. आंघोळ पुष्कळदा खाऱ्या पाण्यानेच, साबणाला फेस नाही.

"मंग आपल्या हिरीचं पानी काऊन नाई गोड केलं कोनं?"

संपादक महोदय, आमचा भाग खारपाण पट्ट्यातला आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल खारट आहे. माझ्या आईने तेच पाणी प्याले आणि तेच डाळीत घातले. डाळ शिजता शिजत नसे. आता शहानूर धरणाचे पाणी नळाला येते. पण 1933 साली नेव्हीत आलेल्या जहाजात जे होत होते, ते माझ्या गावच्या विहिरीवर का झाले नाही, हे पाचवीतल्या पोराला काय सांगणार? जळण लागते, असे सांगितले. जहाजात वाफ आयतीच होती, आपल्याकडे एका घागरीसाठी किती इंधन जाळणार, असेही सांगितले. ते खरेच आहे. पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि माझेही पूर्ण झाले नाही. त्याच रात्री मला वाटले, या फितींचा उपयोग इथे आहे. बंदूक आणि बँडबाजा पाहून पोरे असे प्रश्न विचारत नाहीत, काम पाहिले की विचारतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपल्याकडे पुण्याला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, 1964 पासूनचे. फिल्म्स डिव्हिजनने 1948 पासून काढलेले माहितीपट आणि वार्तापट आहेत. त्यांत नेव्हीच्या, गोदीच्या, कारखान्यांच्या, रेल्वेच्या कामाचे जे काही असेल, ते त्या कामातून निवृत्त झालेल्या माणसांसमोर लावावे. माणूस कोकणात असो की आमच्यासारखा समुद्रापासून शेकडो मैल दूर कपाशीत. पडद्यासमोर खुर्ची द्यावी, हातात माइक द्यावा आणि तो मराठीत, वऱ्हाडीत, मालवणीत जे बोलेल ते त्या फितीबरोबर जपून ठेवावे. याला खर्च किती? माझ्या नातवाच्या मोबाइलवर सगळे झाले.

एका कार्यालयाला मी हेच दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला आले: आपण कोणत्या संस्थेच्या वतीने लिहीत आहात ते कळवावे. मी कोणत्याच संस्थेच्या वतीने लिहीत नाही. बॉयलर रूमच्या वतीने लिहितो म्हणायला हरकत नाही.

घाई एवढ्यासाठी की दोन्हीकडे नाश चालू आहे. 1950 च्या आसपासपर्यंतची पुष्कळशी फिल्म नायट्रेटची असे. ती कापसापासूनच बनवत. त्यावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया झाल्यामुळे ती भडकून पेटते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. जिनिंगमध्ये गंजीला ठिणगी लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कापूस कसा जळतो ते सांगायला नको. ही त्याच्याही पुढची. न जळालेली नुसत्या पडून पडून चिकट होते, मग भुकटी. फिल्म थंड खोलीत ठेवली तर काही वर्षे वाढतात. माणसाला तशी सोय नाही. माझ्याबरोबर लोणावळ्याला असलेल्यांपैकी ज्यांचे फोन मला लागतात, ते आता तिघे आहेत, आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. बॉयलर रूमची ही देणगी आम्हा सगळ्यांनाच थोडीफार आहे.

आपल्या वाचकांत विदर्भातले कोणी जुने नेव्हीवाले असतील, तर त्यांनी आपल्याकडे कळवावे आणि आपण ते मला कळवावे, ही विनंती. विशेषतः दिल्लीवर किंवा म्हैसूरवर काम केलेले. म्हैसूर म्हणजे पूर्वीची एचएमएस नायजेरिया. तिच्याही फिती निघतील, पण मी त्या जहाजावर नव्हतो, त्यांवर मी बोलणे बरोबर नाही.

पुढच्या शनिवारी शाळेत गँजेसच्या डोलकाठीची फीत लावायची ठरली आहे. मुख्याध्यापिका बाईंनी ती आधी एकट्याने पाहिली. म्हणाल्या, आबाजी, लावा, पण त्याआधी शाळेतल्या कडुलिंबाच्या खोडाला काटेरी तार गुंडाळून घेते.

आपला,
एक निवृत्त स्टोकर
ता. दर्यापूर, जि. अमरावती
(नाव व पत्ता संपादकांकडे)