कान दुखतो, पण घसा दाखव

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून चैन नाही. घसा बसून महिना झाला म्हणालास, वर डावा कान ठणकतो आणि थेंब घालूनही फरक नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कान ठणकतो म्हणजे दोष कानातच असतो असं नाही. घशाला आणि कानाला काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे घशातलं दुखणं कानात जाणवू शकतं. कान आतून चांगला दिसत असूनही एकाच बाजूला ठणका राहिला, की कान-नाक-घसा तज्ज्ञ घशाकडे वळतात. आणि तीन आठवड्यांवर बसलेला आवाज तर त्यांना दाखवायलाच हवा.

बहुतेकांचं कारण साधंच निघतं; सूज, ॲसिडिटी, स्वरतंतूवरची निरुपद्रवी गाठ. पण ते बघितल्याशिवाय कळणार कसं? नुसतं 'आ' करून स्वरयंत्र दिसत नाही. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोट्या आरशांतून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. आता नाकातून दुर्बीण घालतात. दादाच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. आधी नाकात बधिर करणारा फवारा, मग बुटाच्या लेसइतकी बारीक नळी हळूहळू आत. डॉक्टर 'ई म्हणा' म्हणाले आणि पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या एकमेकींना येऊन भिडल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं.

ते मानही चाचपतील. गाठ लागली तर सुईने पेशी काढून तपासतात. घशात काही संशयास्पद दिसलं तर तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. कॅन्सर आहे की नाही, हे त्या अहवालावरच ठरतं.

तू सिगारेट सोडलीस याचा मला मनापासून आनंद आहे, पण आधीच्या वर्षांचा धोका लगेच पुसला जात नाही. तंबाखूबद्दल डॉक्टरांपासून काही लपवू नकोस. स्वरतंतूवरचा कॅन्सर आवाज बदलून लवकर खूण देतो, आणि त्या टप्प्यावर पुष्कळदा नुसत्या लेझर शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने बरा होतो, स्वरयंत्रही वाचतं. ही मुदत वाया घालवू नकोस रे.

याच आठवड्यातली वेळ घे आणि मला कळव. मी रजा टाकून सोबत येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश