भीतीच्या शिडीला हात लावणाऱ्यांचे आभार

आमचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेचे फाटक दिसताच पोट धरून बसत असे आणि आम्ही, कबूल केलेच पाहिजे, दोन महिने त्याला जंतांचे औषध देत राहिलो. नागपूरच्या धंतोलीतील ज्या समुपदेशक ताईंनी त्याला कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी (विचार आणि वागणे बदलून त्रास कमी करणारी उपचारपद्धत) दिली, त्यांचे आभार प्रथम. डॉ. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यावरील उपचार म्हणून पाया घातलेली ही पद्धत ताईंनी चित्रांतून मुलाच्या आवाक्यात आणली. भीतीला ० ते १० गुण देताना त्याने वहीत ‘फाटक ९, वर्ग ६’ असे लिहिले, तेव्हा अडचण अभ्यासाची नसून आत शिरण्याची आहे हे आम्हाला प्रथमच कळले. घरी ठेवून घेतल्याने तात्पुरती सुटका होते, पण भीती पक्की होते, हेही ताईंनी आम्हाला न दुखावता सांगितले.

मग ताईंनी भीतीची शिडी आखली, म्हणजे सोप्यापासून अवघडाकडे एकेक पायरी चढत भीतीला सामोरे जायचे. तिची पहिली पायरी फक्त फाटक पाहून परतण्याची होती. त्यासाठी भर उन्हात जादा भाडे न मागता थांबलेले ऑटोवाले काका आणि ‘आज नुसता नमस्कार कर, बस’ म्हणणारे शिपाई काका यांचे ऋण आम्ही मानतो. सोमवारी तो पाचव्या पायरीवर, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात होता.