पिवळ्या हातमोज्यांच्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन रात्री शेजारी मुक्काम केला, तुमची पक्कड वापरली, तुमचे हातमोजे नको त्या कामात घालून खराब केले आणि निघताना नुसता हात हलवला. गाडीतच राहणाऱ्या माणसाला पत्र पाठवायचं तरी कुठे? म्हणून हे उघड्यावरच लिहितोय.

ओळख पटावी म्हणून सांगतो. अंधार पडता पडता आलेली, मुक्कामाच्या जागेवर मागे घेताना दहा-अकरा वेळा पुढेमागे झालेली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ती आमची. बायको एक खूण करत होती, मुलगा दुसरी, आणि आजूबाजूच्या खुर्च्यांतून उठलेली तीन-चार मंडळी आपापली तिसरी. तुम्ही आलात आणि आधी सगळ्यांना गप्प केलंत. मग मला म्हणालात, "खाली उतरा. जागा पायी फिरून बघा. आणि वर बघा." वर फांदी होती, नेमकी छतावरच्या एसीला भिडेल अशी. मी इतका वेळ आरशात फक्त चाकं बघत होतो. पुढचा नियम सोपा होता. खुणा एकट्या बायकोने करायच्या आणि ती आरशात दिसेनाशी झाली की ब्रेक दाबायचा. तिसऱ्या खेपेला गाडी जागेवर नीट लागली. मी तुम्हाला "तुम्हीच लावून द्या ना" म्हणालो होतो, तुम्ही किल्लीकडे बघितलंसुद्धा नाहीत. तेव्हा जरा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच रात्री तुम्ही पाणसळ आणून फ्रीजच्या तळाशी ठेवलीत. बुडबुडा पार एका टोकाला. गाडी समपातळीत हवी ती झोप नीट लागावी म्हणून, एवढंच मला ठाऊक होतं. आमचा फ्रीज गॅसवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण तापून वर जातं आणि आपल्याच वजनाने उतारावरून खाली येतं. गाडी कलती ठेवून तो तासन् तास चालवला तर द्रावण एका जागी अडतं, जास्त तापतं आणि शेवटी आतली नळी कायमची तुंबते. हे तुम्ही टॉर्च दातात धरून, चाकाखाली ठोकळे सरकवता सरकवता सांगितलंत. निम्मं मला कळलं नाही, पण बुडबुडा मध्ये आल्यावरच तुम्ही उठलात.

पण हे पत्र खरं तर दुसऱ्या दिवसासाठी आहे.

तीन-चार दिवस गाडीत वास येत होता. संडासाच्या टाकीचा, म्हणजे ब्लॅक टँकचा, दिवा 'भरली' असं दाखवत होता आणि मी म्हणत होतो, सेन्सर बिघडला असणार. कारण टाकी भरेलच कशी? गटाराची जोडणी मिळाली की मी दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे टाकून मोकळा व्हायचो. येईल ते जाईल, असा माझा हिशोब. गाडी विकणाऱ्याने वीस मिनिटांत सगळी गाडी दाखवली होती, त्यातली पंधरा टीव्ही वर कसा सरकतो यात गेली. ही गोष्ट विचारायला मला लाज वाटत होती. तुम्हाला वासावरूनच कळलं असावं. आलात, खाली वाकून बघितलंत आणि न हसता विचारलंत, "हा व्हॉल्व्ह कधीपासून उघडा आहे?"

व्हॉल्व्ह उघडा राहिला की पाणी तेवढं वाहून जातं आणि घट्ट मैला मागे राहतो, वाळतो, संडासाच्या नळीखाली ढीग रचत जातो. आमची टाकी भरलेली नव्हती, आत डोंगर झाला होता. तुम्ही व्हॉल्व्ह बंद करायला लावलात आणि आम्ही तिघांनी बादल्या भरभरून संडासातून पाणी ओतलं. रात्रभर मुरू दिलं. सकाळी तुम्ही ते पिवळे, कोपरापर्यंतचे हातमोजे माझ्यापुढे धरलेत. घालायचे मला होते.

तुमच्या नळीच्या तोंडाशी पारदर्शक जोड होता, तो आमच्या गाडीला लावलात. दांडा ओढला. आधी गढूळ पाणी आलं, मग धार बारीक झाली, मग थांबलीच. आपण दोघं उकिडवे बसून त्या वीतभर प्लॅस्टिककडे टक लावून बघत होतो. मग आत कुठेतरी 'धप्प' झालं, नळीला हिसका बसला आणि सगळं एकदम सुटलं. मुलगा टाळ्या वाजवत होता. तुम्ही म्हणालात, "अजून एकदा भरा." तिसऱ्यांदा भरून सोडल्यावर पाणी नितळ आलं, तेव्हा कुठे ग्रे टँक सोडू दिलात, कारण भांड्यांचं आणि अंघोळीचं साबणाचं पाणी शेवटी गेलं की नळीही धुऊन निघते. तेव्हापासून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंद असतो. दोन तृतीयांश भरली की एकदम सोडतो. संडासात पाणी सढळ हाताने, पाण्याची कंजूषी दुसरीकडे. सेन्सर दुसऱ्याच आठवड्यात खरं बोलू लागला.

बाकीचं तुम्ही येता-जाता सांगितलंत, चहाचा कप हातात घेऊन. पिण्याच्या पाण्याची नळी आणि घाणीची नळी एका खणात ठेवायची नाही. नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायचा, 40 ते 50 पीएसआयच्या आत, नाहीतर आतले सांधे उडतात. मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी पाडायचा, मग गाडीचा प्लग लावायचा. प्रोपेन, म्हणजे गाडीतला गॅस, हवेपेक्षा जड असतो, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. आमच्या अलार्मसमोर मुलाच्या बुटांची रास होती. ती तुम्ही पायाने बाजूला केलीत, एक शब्द न बोलता. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि टायर. निघायच्या आधी तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, मागच्या टायरशी थांबलात आणि बोटाने चिखल पुसून चार आकडे दाखवलेत: 1416. म्हणजे 2016 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी खोल होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तुम्ही म्हणालात, "ही गाडी चालते कमी, उभी जास्त राहते. टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो." बाजूला केसाएवढ्या चिरा होत्या, बोट ठेवल्यावर दिसल्या. पुढच्या गावापर्यंत हळू गेलो आणि सहाही टायर बदलले. काढताना मागचा आतला टायर दुकानदाराने वाकवून दाखवला. बायको तिथून उठून बाहेर जाऊन बसली.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारी एक नवं जोडपं आलं, नवीकोरी गाडी, मागे घेताना आरडाओरडा. मी उठलो. स्टिअरिंगवर बसून दोन मिनिटांत लावून देता आली असती, आता येते मला. पण सांगितलं, खाली उतरा आणि वर बघा. त्या गृहस्थांचा चेहरा बघून माझा त्या रात्रीचा चेहरा कसा दिसला असेल ते समजलं. तुम्हाला हसू कसं आवरलं, ताई?

तुमची पक्कड आमच्याकडेच राहिली आहे. डाव्या बाजूच्या पुढच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवली आहे. घाणीच्या नळीचा खण उजवीकडे मागे आहे, तेव्हा काळजी नसावी. हातमोजे मात्र टाकून दिले, नवे घेऊन ठेवले आहेत. पिवळेच.

तुमचा,
फांदीखालच्या गाडीतला शेजारी