निळ्या झाकणाचा डबा

चि. बाबू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडले आणि तू फोन ठेवून दिलास. तेव्हापासून बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, आजारातून उठलेल्या पोराला बोलायची ही वेळ होती का? नव्हतीच. म्हणून तापाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

पण चार दिवस, बाबू! डेंग्यू अंगात घेऊन चार दिवस तू त्या खोलीत एकटा पडून राहिलास आणि समोरचं दार वाजवलं नाहीस. डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच जास्त जपावं लागतं. न्हाणीघरात चक्कर येऊन पडला असतास तर कळलं असतं कुणाला? आणि वर म्हणालास, "आई, इथं कुणी कुणाला ओळखत नाही, उगाच कशाला त्रास द्यायचा?" ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तू असा नव्हतास रे. सकाळी पाववाल्या पदेराचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन तूच धावायचास. चार उंडे पाव आपले, दोन शेजारच्या मायचे. मायच्या फाटकाला कापडी पिशवी टांगलेली असायची. हात पुरत नव्हता तेव्हा दगडावर चढून तू उंडे आत सोडायचास आणि कावळ्यांनी ओढू नयेत म्हणून वरून गाठ मारायचास. ती गाठ तुला कुणी शिकवली नव्हती. दहावीच्या पेपराच्या दिवशीसुद्धा मारलीस.

आजोंच्या छातीत दुखलं त्या रात्री मायच्या मुलाने गाडी काढली, थेट बांबोळीच्या इस्पितळापर्यंत. मागच्या सीटवर आजोंचे पाय मांडीवर घेऊन तू बसला होतास, आठवतं? दोन उंड्यांच्या बदल्यात तो आला असं नाही. पण रोजचं जाणंयेणं होतं म्हणून रात्री दोन वाजता त्याला हाक मारायला आपल्याला तोंड होतं. तुला पुण्यात ते तोंड नाही, एवढंच मला खुपतं.

आजोंचंही तसंच. नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरले की आधी मासेवालीच्या पाटीला हात लावणार, मग घरची वाट. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरा हात लागतोच. आजो काही बोलायचे नाहीत, तीही बोलायची नाही. पाटी चढली की दोघं आपापल्या वाटेने. कितीतरी वर्षं मी हे बघितलं.

2021 च्या जुलैत म्हादईला पूर आला, सत्तरी तालुक्यात मातीची घरं बसली, तेव्हा तू बाबांबरोबर तांदूळ घेऊन गेलास आणि चिंब भिजून परत आलास. नवा रेनकोट कुठे म्हटलं तर "हरवला." कुणाला दिलास ते बाबांनी मला वर्षभराने सांगितलं. मी तुझ्याकडे कधी काढलं नाही, पण त्या दिवशी देवाजवळ दिवा लावताना डोळे भरून आले होते. तरी खरं सांगू? पुराला सगळेच धावतात. मला जास्त अभिमान आहे तो त्या पिशवीच्या गाठीचा.

तर रोज काहीतरी कर, लहानसं. वॉचमनला नावाने हाक मार. लिफ्टशी कुणी म्हातारं माणूस पिशव्या घेऊन उभं असेल तर एक पिशवी घे. झाडूवाल्या मावशींना पाणी विचार. मूड असेल तेव्हा नाही, दात घासतोस तसं रोज. बघ, लागले पुन्हा शिकवायला! राग मानू नकोस. रात्री दहाला दमून येतोस, त्यात हे आईचं पुराण. पण तू चार दिवस... नाही लिहीत.

मावशीच्या मुलाबरोबर दोन डबे पाठवते आहे. लाल झाकणाचा तुझा. निळ्याचा समोरच्यांचा, त्यातही सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या आहेत, चवथीला तुला आवडल्या होत्या त्याच. हातात देताना तुझं नाव सांग आणि त्यांचं विचार. ती मंडळी तिखट खातात का तेही बघ, पुढच्या वेळी लोणचं पाठवीन.

प्लेटलेट पुन्हा तपासल्या का? आकडा बाबांना कळव, मला नको सांगूस हवं तर.

तुझी,
आई